सपन्याचा वाटा

मंदाबाई झोपते, ही बातमी आधी शेजारच्या जानकीबाईनं पसरवली. आता झोप ही काय पसरवायची गोष्ट आहे? पण मासेमारांच्या ढिवरमोहल्ल्यात बाई दिवसाढवळ्या झोपते म्हणजे नवलच. पहाटे तलाव, मग टोपली डोक्यावर घेऊन सानगडीचा बाजार, दुपारी फाटक्या जाळ्यांना टाके, संध्याकाळी चूल. यात पाठ टेकायला वेळ कुठला? मंदाबाईनं ही सगळी कामं जन्मभर केली, हसत केली, भांडत केली. आणि साठीच्या अलीकडं, एका वैशाखात, तिनं टोपली खुंटीला अडकवली, मागच्या खोलीत तलावाकडं डोकं करून खाट टाकली आणि जी आडवी झाली ती झालीच. सकाळी झोपायची. जेवून झोपायची. दिवेलागणीला सून उठवायची, तेव्हा चहा पिऊन पुन्हा डोळे मिटायची.

तिचा मुलगा लिलाधर घाबरला. त्यानं तिला साकोलीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं नाडी पाहिली, छाती पाहिली, जीभ बाहेर काढायला लावली आणि ताकदीचं औषध लिहून दिलं. ते लाल औषध गोड लागतं म्हणून मंदाबाईनं मुकाट्यानं पिऊन टाकलं आणि पहिल्यापेक्षा छान झोपली. तिला काहीएक झालेलं नव्हतं. तिला नवऱ्याला भेटायचं होतं, एवढंच.

हे समजायचं तर त्या तलावाची एक रीत सांगावी लागेल. दुसऱ्या तलावांवर होती की नाही मला ठाऊक नाही, पण या एका तलावावर होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर्षातून एकदा सगळा मोहल्ला मिळून मोठं जाळं ओढायचा आणि मासळीचे वाटे पडायचे. डोंगा नावाची होडी ज्याची त्याला वाटा, जाळं धरलं त्याला वाटा, तलावाच्या बांधावर, पाळीवर उभं राहून नुसती हाक मारली त्यालाही वाटा. आणि एक वाटा सपन्याचा. जाळं पाण्यात जायच्या आधी, ज्याला कोणाला आदल्या रात्री तलाव दिसला असेल, त्यानं पाळीवर येऊन ते सपन सांगायचं. ऐकणाऱ्यांनी दर वाक्याला 'हव' म्हणायचं. 'हव' म्हणजे हो. 'हव' पडलं नाही, तर सपन सांगितलं असं धरतच नसत. सांगितलेलं सपन पुन्हा आपल्याकडं येतं, आणि न सांगितलेलं रुसतं आणि दुसऱ्या कोणाचं दार शोधत जातं, असं तिथली म्हातारी माणसं मानायची.

मंदाबाईला तलाव फार दिसायचा. नवी नवरी होऊन आली त्याच उन्हाळ्यात तिनं डोक्यावरचा पदर दातात धरून पाळीवर पहिलं सपन सांगितलं. सगळ्यांत मोठ्यानं 'हव' म्हणाला तो तिचाच नवरा, इतवारी. पोरं हसली. इतवारीला त्याचं काही नव्हतं. तो तसाच होता, लाजायचं कशाला हे त्याला जन्मात कळलं नाही.

मग ते रोजचंच झालं. पहाटेचं जाळं टाकून इतवारी परत आला की आंगणातूनच विचारायचा, "उठली का?" ती त्याच्या आधी उठलेली असायची. चूल पेटलेली असायची, धूर त्याच्या नाकात जात असायचा, तरी विचारायचा. ती आतून म्हणायची, "उठली." की मग तो ओल्या पायांनी चुलीपुढं येऊन बसायचा आणि ती रात्रीचं सपन सांगायची. तलावाचं पाणी पाय न वाजवता घरात आलं आणि मरळ मासे पंगतीला मांडी घालून बसले. इतवारी म्हणायचा, "हव. मंग? भात वाढला का त्याईले?" तलाव उलटा होऊन आभाळात जाऊन बसला आणि खाली सगळं गाव माना वर करून पाहतंय, पण एक थेंब पडत नाही. "हव. अन् आपला डोंगा?" डोंगाही वरच होता, उलटा, आणि त्यात कोणीतरी गाणं म्हणत होतं. "हव, मीच असंन," इतवारी म्हणायचा आणि चहाची बशी पुढं करायचा.

असा माणूस कावीळ होऊन पोळ्याच्या आत गेला.

गेला तरी यायचा. पहिलं वर्षभर मंदाबाईला त्याची उणीव अशी फार भासलीच नाही, खोटं कशाला बोला. रडली ती दिवसा. डोळा लागला की तो डोंग्यात उभा असायचा, काठी पाण्यात रोवून, आणि पाण्यावर धुकं असायचं, आणि तो काही न बोलता डोंगा तिच्याकडं आणायचा. जागी झाली की ती सून डिंपलला सांगायला बसायची. डिंपल लाखांदूरकडची, बारावी झालेली, हातात मोबाइल आणि कमरेवर घागर. नळाचं पाणी जाईल या घाईत ती "हव आई, हव हव, हव" अशी एकदम सगळी हव देऊन पळायची. ते काय हव होतं? मंदाबाईला कळायचं, पण सून आहे, तिलाही तिची कामं आहेत, म्हणून ती गप्प बसायची.

राहिला मोठ्या जाळ्याचा वर्षाचा दिवस. त्या उन्हाळ्यात मंदाबाई पाळीवर गेली, तर तिथं तराजू आलेला. मासळी आता वजनावर जाणार होती, व्यापाऱ्याची बर्फाची गाडी पाळीखाली उभी होती. मच्छीमार सोसायटीचा भैय्याजी घाम पुसत इकडून तिकडं धावत होता. मंदाबाई म्हणाली, "सपन हाये." भैय्याजी म्हणाला, "काकू, बर्फ वितळून रायला. मंग सांगा." माणूस वाईट नव्हता भैय्याजी. त्याला खरंच वाटलं होतं की मग ऐकू. ते 'मग' काही आलं नाही. सपन मंदाबाईच्या पोटातच राहिलं आणि त्या रात्रीपासून इतवारी यायचा थांबला.

रुसला! दुसरं काय? हव नाही, तर तो कशाला येईल? आज येईल, उद्या येईल म्हणून मंदाबाईनं वाट पाहिली. मग तिनं विचार केला, की कदाचित तो भलत्याच वेळेला येऊन जात असेल आणि आपण त्या वेळी बाजारात झिंगे विकत बसलेल्या असू. म्हणून टोपली खुंटीला गेली आणि खाट आली. नवरा कोणत्याही वेळी येवो, बाई हजर असली पाहिजे. यात काय चुकलं सांगा!

अशाच एका दुपारी ती जागी झाली. बाहेर ऊन इतकं होतं की आंगण पांढरं दिसत होतं. दारात डिंपल मोबाइलकडं पाहून एकटीच हसत होती.

"कोनासंग बोलून रायली वं?"

"सगळ्याईसंग," डिंपल म्हणाली. "कणगी हाये ही, आई."

ही कणगी म्हणजे मोबाइलमधली लिहिणाऱ्यांची एक वस्ती. पुण्याकडच्या कोण्या पोरांनी काढलेली. आपण आपलं काही लिहायचं, दुसऱ्यांनी वाचायचं आणि आवडलं तर एक दाणा द्यायचा. दाणे साठले की महिनाअखेर त्यांचं मोबाइलचं रिचार्ज होतं. डिंपल गेली ती त्या रिचार्जसाठीच. शिंगाड्याच्या पिठाचं थालीपीठ, झिंग्यांची चटणी असं काही लिहायची. कोणी कवितेसाठी आलेलं, कोणी फुकटच्या रिचार्जसाठी, कोणी घरात आपलं कोणी ऐकत नाही म्हणून. कारणं काय, ज्याची त्याची.

"लोक आयकतात?" मंदाबाईनं विचारलं.

"वाचतात न."

"अन् दाना देतात म्हंजे हव म्हनतात?"

डिंपलनं जरा विचार केला. "तसंच समजा."

मंदाबाई खाटेवर उठून बसली. कितीतरी दिवसांनी दुपारी तिची पाठ खाटेवरून उचलली गेली होती. "मले घाल त्याच्यात," ती म्हणाली.

घालणं सोपं होतं. नाव टाकलं, फोटो काढला; फोटोत मंदाबाई जांभई देताना आली, तोच ठेवला. मग कणगीनं नव्या माणसाला विचारतात तो प्रश्न विचारला: तुम्ही इथे का आलात? मनातलं कारण लिहा. मंदाबाईनं कारण सांगितलं, अगदी सरळ, नवरा सपनात यावा म्हणून. डिंपलची बोटं तिथंच थबकली. माय वं! हे लिहायचं? लोक काय म्हणतील? सासू दिवसभर झोपते आणि मेलेल्या सासऱ्याची वाट पाहते, हे साऱ्या महाराष्ट्राला सांगायचं? जानकीबाई काय कमी होती? तेव्हा डिंपलनं "हव आई, लिहून रायली," असं म्हणत भलतंच लिहिलं. ग्रामीण भागातील एक महिला म्हणून मला स्वतःच्या पायावर उभं राहायचं आहे, माझ्या लेखणीतून माझी ओळख निर्माण करायची आहे, वगैरे. शाळेत निबंधाला नेहमी चांगले गुण मिळायचे तिला.

दाण्यांचा पाऊस पडला. सलाम ताई, प्रेरणादायी ताई, तुमच्यासारख्यांची गरज आहे ताई. डिंपल मोबाइल दाखवत गेली आणि मंदाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढे हव?" ती म्हणाली. "इतके तं पाळीवर बी नोयते कधी." तिनं अंग धुतलं, धुतलेलं लुगडं नेसलं, केसांना तेल लावलं. खाटेवरची चादर झटकली. जावई येणार असल्यासारखी तयारी करून ती आडवी झाली आणि डोळे मिटताना तिचा चेहरा असा उजळला होता, की डिंपलला तिच्याकडं पाहवेना.

इतवारी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढं बाजाराचा दिवस येऊन गेला, तरी नाही. मंदाबाई झोपेतून उठायची आणि भिंतीकडं पाहत बसायची. एकदा म्हणाली, "एवढ्या लोकाईनं हव म्हटलं अन् तरी नाई. मंग आता तो कधीच येत नाई वाटते." ती रडली नाही. रडली असती तर डिंपलला बरं वाटलं असतं. पण ती नुसतीच कूस बदलून भिंतीकडं तोंड करून पडली, आणि संध्याकाळचा चहा प्यायली नाही.

चहा तसाच गार झाला, त्यावर साय धरली. डिंपल खाटेच्या पायथ्याशी येऊन बसली आणि म्हणाली, "आई, मी काय लिहिलं ते वाचून दाखवू?" आणि तिनं सगळं वाचून दाखवलं, एक शब्द न गाळता.

मंदाबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "ही कोन बाई होय?"

"तुमीच."

"पायावर उभी? अवो, मी तं झोपून आहो न!" आणि मग ती जी भडकली! "खोटं सांगून हव घेतले तू! तरी म्हटलं हा काहून येत नाई. त्याले का समजत नाई? दुसऱ्याच बाईच्या नावानं बलावलं त्याले, तो कायले येईन? पुस माह्या डोळ्यापुढं!"

कणगीत लिहिलेलं पुसता येत नाही. ते एक बरंच झालं. मग डिंपल लिहीत गेली आणि या खेपेला मंदाबाई बोलली तसंच लिहिलं, आपल्या बोलीत, न सजवता. ते असं होतं:

"रामराम बाप्पाहो. मांगं जे लिहिलं ते माहं नोयतं, सुनेचं होतं. ते दाने वापस घ्या. मले पायावर उभं राहाचं नाई, मले झोपाचं हाये. माह्या बुढा गेला. तो सपनात याचा. मी सांगो, कोनी हव म्हने, तं तो आनखी याचा. आता हव म्हननारं कोनी नाई म्हनून तो येत नाई. म्हनून मी इथं आली. दाना द्या नाई तं नोका देऊ. पन आयकून हव म्हना. खोटं हव नोका म्हनू, त्याले समजते."

आता गंमत पाहा. सलामवाले सगळे गुपचिप झाले. एका गृहस्थांनी प्रमाण भाषेत लिहावे अशी सूचना केली. दुसऱ्यांनी मृतांच्या आठवणीत अडकू नये, पहाटे उठून योगासने करावीत असा सल्ला दिला. डिंपलनं तोही वाचून दाखवला. "त्याले म्हना, आधी तू पानी भरून दाखव," मंदाबाई म्हणाली. आणि मग, दिवस कलता कलता, एकच शब्द आला. हव. खाली नाव होतं मंजुषा, गाव जालन्याकडचं.

मंदाबाईनं तो शब्द मोबाइलवर बोट ठेवून पाहिला. काच गरम लागली तिला. "ही खरी हाये," ती म्हणाली.

त्या दिवसापासून रोज दुपारी सासू-सुनेची बैठक बसायला लागली. नवं सपन नव्हतं, पण जुनी सपनं मंदाबाईकडं पोत्यानं पडलेली. ती डोळे मिटून बोलायची आणि डिंपल लिहायची. बोलता बोलता मंदाबाई मध्येच थांबायची. "हव म्हन न. नाई तं समोर कशी जाऊ?" डिंपल "हव" म्हणायची आणि मगच गोष्ट पुढं सरकायची. खोलीत कौलांच्या फटीतून ऊन यायचं, त्यात धूळ तरंगायची, आणि सांगणं ऐकता ऐकता डिंपलला वाटायचं, की ती जमीन नाही, उथळ पाणी आहे आणि आपण त्यात पाय सोडून बसलोय. पाणी जायची घाई ती विसरली. एकदा नळ येऊन गेला आणि घागर रिकामीच राहिली.

एक सपन होतं, त्यात शिंगाड्याचे वेल पाण्यावर इतके दाटले होते की इतवारीची मेलेली आजी त्यांवरून चालत पल्याड दूध आणायला निघाली होती. एका सपनात तलावाच्या तळाशी दुसरं गाव होतं, तिथलेही लोक जाळं घेऊन वर पाहत होते, आणि त्यांना वाटत होतं की आपणच मासे आहोत. मंजुषानं खाली लिहिलं, हव. मग आणखी एकीनं लिहिलं, हव. परभणीचा एक शिंपी लिहायला लागला, धुळ्याची एक नर्स. 'छान' नाही, 'सुंदर' नाही, नुसतं हव.

दाणे यायला लागले, तेव्हा मंदाबाईनं डिंपलला मूठभर तांदूळ दिले. "जा, तलावात टाकून ये. सपन्याच्या वाट्यातलं पहिलं पान्याले द्या लागते."

"आई, ते दाणे मोबाइलातले हायेत."

"मंग? तलाव का मोबाइल पाहाले येईन? जा तू."

डिंपल गेली. गुडघाभर पाण्यात उभी राहून तिनं तांदूळ टाकले, आणि बारीक मासळी वर येऊन टपटप खाऊन गेली. डोंग्यातून लिलाधरनं हे पाहिलं. माय तर गेलीच होती हातची, आता बायकोही, असा चेहरा करून तो घरी आला. पण घरात बघतो तर माय उठून बसलेली आणि मोबाइलात कोणाचं काय लिहून आलं ते ऐकतेय. त्याला काही कळलं नाही. तो जेवून घेऊन झोपला.

ऐकणंही वाढलं होतं. तू का आलीस गं कणगीत, असं मंदाबाईनं मंजुषाला विचारायला लावलं होतं. मंजुषा शाळेत शिकवायची. टँकरच्या पाण्यावर वाढलेली मुलगी. तिची आई गेली तेव्हापासून तिची झोपच उडाली होती. गोळ्या घेतल्या, काढे घेतले, काही उपयोग नाही. जागायचंच आहे तर कोणाशी तरी बोलत जागावं म्हणून ती आली होती. हे ऐकून मंदाबाई किती वेळ खाटेच्या दोऱ्या कुरवाळत बसली. "अशी गोष्ट हाये," ती शेवटी म्हणाली. "माह्याकडं झोपच झोप हाये अन् बुढा येत नाई. तिच्याकडं झोपच नाई. माह्यातली घे म्हना तिले." डिंपलनं तसंच लिहून पाठवलं.

इतवारी मात्र येत नव्हताच. बाकी सगळं छान होतं, पण तो नव्हता. डोळे मिटले की नुसता काळोख, आणि उघडले की कौलं. मंदाबाई आता कोणाला विचारत नव्हती. पण रोजचं सपन सांगून झालं की ती खाटेवर पडायची, आणि पडण्याआधी लुगड्याच्या निऱ्या नीट करायची.

मग पुन्हा उन्हाळा आला. मोठ्या जाळ्याचा दिवस उजाडला. लिलाधर अंधारातच गेला होता. तराजू, बर्फाची गाडी, सगळं पाळीवर लागलं होतं. मंदाबाई खाटेवर पडून होती. तिला जायचंच नव्हतं. डिंपल धावत आत आली.

"आई, मंजुषाताईचं आलं. सपन दिसलं तिले!" आणि तिनं वाचायला घेतलं.

"मंदाकाकू, काल मला झोप लागली. कधी लागली कळलंच नाही. मी आयुष्यात तलाव पाहिलेला नाही. पण काल मी पाळीवर उभी होते. पाणी अगदी पायाशी होतं आणि कोमट होतं. धुकं होतं. एक माणूस डोंग्यात उभा होता, काठी रोवून, पाठमोरा."

मंदाबाई ताडकन उठून बसली. "माह्या बुढा तिच्याकडं गेला? मी इथं वर्षभर लुगडी धुऊन धुऊन नेसून रायली, अन् हा गेला जालन्याले? ना वळख ना पाळख, परक्या बाईच्या सपनात! येऊ दे त्याले, सांगतो मी!" आणि बोलता बोलताच तिचा रंग उतरला. मेलेलं माणूस सपनात हातानं बोलावतं ते चांगलं नसतं. "डिंपल, हात करून बलावलं का त्यानं तिले? समोर वाच. लवकर वाच."

"मला भीती नाही वाटली, काकू," डिंपल वाचत गेली. "त्यांनी बोलावलं नाही. नुसतं वळून विचारलं, 'उठली का?' आणि मी जागी झाले. लख्ख सकाळ झाली होती. कोण उठली का, ते मला कळलं नाही. तुम्हाला कळेल असं वाटलं, म्हणून लिहिते आहे."

बाहेर कोंबडी कुटकुटत होती. डिंपलनं घाईघाईनं मागचं सगळं लिहिलेलं वरखाली करून पाहिलं. मरळ होते, आभाळातला तलाव होता, आजी होती. इतवारी आंगणातून काय विचारायचा ते तिला कुठंच सापडलं नाही. बोलण्याच्या ओघात कुठं येऊन गेलं असेल, आणि डिंपलच्या नजरेतून सुटलं असेल. नसेलही. मी त्या वादात पडत नाही.

"तोंड धुवाले पानी दे," मंदाबाई म्हणाली.

तिनं चूळ भरली, पदर खोचला, खुंटीवरची टोपली काढली. टोपलीत कोळ्यानं जाळं केलं होतं, ते तिनं हातानं पुसलं. वाटेत डिंपलला म्हणाली, "माह्या कणगीतले सगळे दाने मंजुषाले देऊन टाक. सपन तिचं, वाटा बी तिचाच." जानकीबाई दारात चूळ भरत होती, मंदाबाईला चालत येताना पाहून ती चूळ थुंकायचीच विसरली.

पाळीवर भैय्याजी तराजूची साखळी सारखी करत होता. जाळ्याचं एक टोक डोंग्यात, दुसरं काठावरच्या माणसांच्या हातात.

"सपन हाये," मंदाबाई म्हणाली.

भैय्याजीनं बर्फाच्या गाडीकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं. "तुमाले दिसलं काकू?"

"मले नाई. जालन्याच्या मंजुषाले दिसलं. पन तलाव आपलाच होता."

गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. डोंग्यात उभ्या लिलाधरनं काठी पाण्यात रोवली आणि मोठ्यानं म्हणाला, "वितळू द्या तो बर्फ. सांग माय."

मंदाबाई पाण्यात उतरली. ऊन अजून तिरपं होतं आणि पाण्यावर पातळसं धुकं राहिलं होतं.

"एक पोरगी होती," ती म्हणाली, "तिनं कधी तलाव पाहिला नोयता."

"हव," डिंपल म्हणाली.

"तिले झोप येत नोयती. काल आली."

"हव," लिलाधर म्हणाला, आणि त्याच्या मागून आणखी कोणी दोघं-तिघं म्हणाले. म्हाताऱ्यांना सवय होती, तरुण त्यांच्या तोंडाकडं पाहून म्हणायला लागले.

"पान्यावर असंच धुकं होतं. डोंग्यात माह्या बुढा उभा होता, पाठ करून."

"हव," सगळे म्हणाले. भैय्याजीनं तराजू खाली ठेवला होता.

"त्यानं वळून पाहिलं." मंदाबाईचा आवाज चिरकला. तिनं पदर तोंडाशी नेला आणि पुन्हा खाली सोडला. "अन् तो म्हने, उठली का?"

ती थांबली. पुढं काही नव्हतं. ती टोपली काखेत धरून, गुडघाभर पाण्यात, सगळ्यांच्या समोर उभी होती.

"हव," पाळीवरची सगळी माणसं म्हणाली.

मग जाळं पाण्यात गेलं.